शेंदराखालची नावं

आमच्या वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला सगळं गाव देव मानतं. काल त्याचा पोपडा निघाला आणि खाली कोरलेली नावं दिसली: पहिल्या महायुद्धात गेलेली आमच्याच गावची माणसं. लढाई विलायतेची, आपला देश तीत उतरला, कारण राज्य साहेबाचं. या माणसांना कुणी विचारलं असेल?

तेवढ्यात शेजारच्या पारूवहिनी नारळ-शेंदूर घेऊन आल्या.

"वहिनी, हा देव नाही हो," म्हणत मी त्यांना नावं वाचून दाखवली.

त्यांनी नारळ दगडापुढे ठेवला. मग त्या नावांवरच त्यांनी शेंदूर लावला.

"असू द्या, भावजी. पोरगं उद्या मिलिटरीच्या भरतीला चाललंय. निवड होऊ दे, एवढंच मागते."

मीही हात जोडले. काय मागावं, ते मात्र सुचेना.