मुल्लाची सुरी

कापसाने आमच्या गावाला वेड लावलं, त्या वर्षी माझ्या मुलीच्या डोक्यात फोड झाले. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि अकोटच्या आमच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आलेला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. जो तो घाईत. कशाची घाई, हे विचारायलाही कोणाला सवड नव्हती. मीही त्यातलाच. दोन घास खाल्ले की माझ्या पायाला भिंगरी लागायची.

घरात मात्र एक गोष्ट अडकून पडली होती. आमचं पहिलं मूल तापाने गेलं. दुसरी ही मुलगी. तीही तापाने फणफणली, तेव्हा माझ्या आईने नरनाळा गडाच्या पायथ्याच्या पीराला नवस बोलला की पोर वाचली तर बोकड कापून गावाला कंदुरीचं जेवण घालीन, आणि कंदुरी होईपर्यंत तिच्या केसांना लोखंड लागू देणार नाही. पोर वाचली. केस वाढले. चैत्राच्या उन्हात त्या केसांखाली फोड आले. ती ओरबाडायची, रक्त काढायची आणि रडून रडून निळी पडायची. गावातला न्हावी हात लावेना, कारण आईचा नवस साऱ्या गावाला ठाऊक होता. बोकड दारात बांधलेलाच होता. सगळं अडलं होतं ते मुल्लावाचून.

कंदुरीच्या बोकडावर सुरी फिरवायची ती मुल्लाने, कलमा पढून. एरवीही त्याच्या हातचं नसेल ते मटण आमच्या चुलीवर चढत नसे. आम्ही कुणबी, तो मुसलमान, मग असं का, हा प्रश्न गावात कोणाला पडल्याचं मला आठवत नाही. त्याची जमीन कोण्या सुलतानाने इनाम दिलेली. कोणत्या, ते त्यालाही सांगता येत नसे. आधी बहामनी होते. मग एलिचपूरचे इमादशाही आले. त्यांचा मूळपुरुष म्हणे कानडी ब्राह्मणाचा मुलगा होता. मग नगरवाले, मग दिल्लीचे मोगल, मग हैदराबादचे निजाम, आणि आता इंग्रज. प्रत्येकाने आधीच्याचं निशाण उतरवलं. मुल्लाला, पीरावरच्या चादरीला आणि आमच्या कंदुरीला कोणी हात लावला नाही. आईला यातला एकही सुलतान माहीत नव्हता. तिच्या लेखी सगळे मिळून एकच पातशा होता आणि तो वर गडावर राहायचा.

इतक्या पातशाह्यांनी जे हलवलं नाही, ते कापसाने एका हंगामात हलवलं. मुल्ला गाव सोडून अकोल्याला कापसाच्या वखारीत कामाला गेला. येतो येतो म्हणून निरोप धाडायचा आणि यायचा नाही. एका सकाळी बायको पोरीचे दोन्ही हात धरून बसली होती आणि पोर डोकं भिंतीवर घासत होती. मी डोक्यात राख घालून घेतली. मी पागोटं बांधलं आणि मुल्लाला घेऊनच येतो म्हणून निघालो.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. पुढची हलल्याशिवाय मागची हलत नव्हती. गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी गाड्यांच्या कडेने, बांधांवरून, काट्याकुट्यांतून चालत सुटलो. पोरीचं रडणं कानात होतंच. अकोल्यात पोचल्यावर वखारीमागून वखार पालथी घातली.

मुल्ला सापडला तो एका भल्यामोठ्या बोऱ्यात उभा, पायांनी कापूस तुडवताना. दाढीत, भुवयांत, कानांत सगळा कापूस. ज्याच्यासमोर गावचा पाटीलही जोडा काढायचा, तो माणूस कमरेपर्यंत बोऱ्यात. मला पाहून तो ओशाळला आणि मला त्याचाच राग आला.

"चाचा, चला," मी म्हणालो. "पोरगी हैराण झाली. बोकड्या दारात बांधून हाय."

"कसा येऊ बाप्पा? सेठ म्हणते, एक दिस गेला तं जागा दुसऱ्याले देतो."

"अन् पीराची जागा?"

तो बोऱ्यातून उतरला, हातपाय धुतले, अंगावरचा कापूस झटकला. कमरेची सुरी काढून गठ्ठ्यांच्या मधोमध पश्चिमेकडे तोंड करून बसला. हमालांची ओरड चालू होती, त्यातच त्याने ओठांत काहीतरी पढलं आणि पात्यावर फुंकर घातली. सुरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"बिस्मिल्ला म्हणजा अन् चालवजा. तुमी म्हणलं तरी चालते."

मी सुरी घेऊन तसाच परत फिरलो. मुल्ला नाही तर त्याची सुरी, निदान रिकाम्या हाताने तर जात नव्हतो. पण आई दारातच उभी होती आणि तिने माझ्या मागचा मोकळा रस्ता पाहिला.

"एकटाच आला काहून?"

मी सुरी पुढे केली, सगळं सांगितलं. तिने हातही लावला नाही.

"मी पीराले मुल्लाच्या हातचा बोकड्या बोलली हाओ. नुसती सुरी नाई बोलली."

मी चिडलो, समजावलं, विनवलं. ती तिच्या जागेवरून हलेना. खरं सांगायचं तर तिचं भय मला कळत होतं. एक नातवंड तिच्या मांडीवर गेलं होतं. नवसात तसूभर चूक झाली तर पीर दुसरंही नेईल, ही भीती तिच्या डोळ्यांत दिसत होती, आणि ती मलाही होती.

सासूपुढे कधी आवाज न चढवणारी माझी बायको तेव्हा उठली. तिने माझ्या हातातली सुरी घेतली, फडकं सोडलं.

"आत्याबाई, पीराले बोकड्या पायजे का लेकराचं रगत?"

उत्तराची वाट न पाहता ती पोरीला मांडीत घेऊन अंगणात बसली. "बिस्मिल्ला," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडी नवखा होता, पण स्पष्ट होता. तिने पहिली बट धरली आणि कापली.

आई ताडकन पुढे झाली. मला वाटलं, आता सुरी हिसकते. ती आली आणि पोरीपुढे मटकन बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने पदर पसरून पोरीच्या डोक्याखाली धरला आणि एकेक बट त्यात झेलली. एकही भुईवर पडू दिली नाही. वारा डोक्याला लागताच पोर रडायची थांबली आणि आम्हा सगळ्यांकडे टकामका पाहू लागली.

"चाचाले सुरी वापस धाडाची का?" संध्याकाळी मी आईला विचारलं.

"बिलकूल नाई," ती म्हणाली. "त्याले निरोप दे. म्हण, सुरी आमच्या घरी हाय. घरी ये अन् घेऊन जाय. बोकड्या तवरोक बांधून ठेवतो."

निरोप मी दिला, एकदा नाही, अनेकदा. पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला, वखारी ओस पडल्या, अकोल्याला गेलेले बरेच जण परतले. बोकड आमच्या दारात म्हातारा होऊन मेला. आईने दुसरा आणून त्याच खुंट्याला बांधला. फोडांचे डाग मुलीच्या दाट केसांत कधी बुजले, ते कळलंही नाही. सुरी मात्र अजून आमच्याच घरात आहे.