साडूंची मधली सीट

आमच्या थोरल्या साडूंइतका लोकांच्या गुडघ्यांचा विचार करणारा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल. कोणी भेटलं की इतर लोक चेहरा बघतात, तब्येत विचारतात. साडू समोरच्याची मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत नजरेनं मोजत. देवासच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याची नोकरी त्यांनी तीस वर्षं केली, आणि सुटा भाग व नातेवाईक यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे. दोघंही आपापल्या जागी नीट बसले की त्यांचं समाधान होई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. तिची मधली सीट मूळची पक्की होती. साडूंनी पहिल्याच रविवारी ती उखडली, खाली लोखंडी रूळ बसवले आणि रुळांना बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडल्या. खटका ओढायचा, सीट सरकवायची आणि हव्या त्या खाचेत अडकवायची. प्रत्येक खाचेशेजारी ऑइलपेंटचा ठिपका. पिवळा त्यांच्या बायकोचा, निळा माझ्या बायकोचा, हिरवा माझा आणि सगळ्यात मागचा लाल सासूबाईंचा. तिघं एकदम बसले तर साडू मध्य काढत, आणि मग तिघांचीही सारखीच गैरसोय होई. निघण्याआधी गुडघा आणि पुढची सीट यांच्यामध्ये ते स्वतःची चार बोटं घालून बघत. तीनच मावली तर सगळ्यांनी पुन्हा खाली उतरायचं. एकदा देवासहून सोनकच्छला जायचं होतं, रस्ता जेमतेम पाऊण तासाचा, आणि बसवाबसवीतच तास गेला. मी म्हणालो, "साडूसाहेब, बसनं गेलो असतो तर एव्हाना तिथं चहा झाला असता." साडू सीटखालूनच त्यांच्या माळवी ढंगात म्हणाले, "देखो भिया, पोचायला काय, बैलगाडीनंही पोचतो माणूस. बैठा कैसे, वो बडी चीज है."

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी सासूबाईंचा उजवा पाय होता. त्यांना मुलगा नव्हता, त्या थोरल्या लेकीकडे देवासलाच राहत. एकदा पडल्यापासून त्यांचा गुडघा वाकेना. बसमध्ये तो ताठ पाय वाटेत येई, लोक अडखळत, आणि प्रत्येक धक्क्याला त्या डोळे मिटून घेत. त्यापायी धारपलीकडच्या राजगढच्या माहेरची दोन लग्नं त्यांची चुकली. आता धाकट्या भाच्याचं लग्न होतं, माहेरचं शेवटचं. साडू सासूला जुन्या रीतीनं मामी म्हणत. "मामींना अक्षता टाकायला नेणार," असं त्यांनी महिनाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलं. व्हॅन घेतली ती त्यासाठीच.

मुहूर्त दुपारी बाराचा. देवासची मंडळी पहाटे निघून आम्हाला घ्यायला नऊला धारला पोचली. मी आणि बायको मागच्या सीटवर चढलो तसा साडूंचा हिशेब बिघडला, आणि आमच्या दारातच तासभर खटका ओढणं चाललं. गाडी निघाली तरी त्यांचं अर्धं लक्ष आरशात. सरदारपूर अजून लांब होतं आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडलेली त्यांना दिसली. गाडी थांबली. पाना घेऊन ते सीटखाली शिरले. सीट थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. आम्ही घड्याळाकडे बघत होतो आणि काटे बाराला टेकत आले.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "वेळ झाली. त्या अक्षतांची पुडी द्या गं." त्यांनी तिथंच, बाभळीखाली उभ्या असलेल्या गाडीत, शेवटचं मंगलाष्टक म्हटलं. सावधान म्हणताच आम्ही सगळ्यांनी राजगढच्या दिशेनं अक्षता टाकल्या. त्या दिशेला नेमके साडू होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात तांदूळ होते. "मामी, तिसरं लग्न माझ्यामुळे चुकलं," ते म्हणाले. त्यांचा असा पडलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तांदूळ रुळात जाऊन सीट मात्र लाल ठिपक्यावर घट्ट बसली होती. सासूबाईंनी पाय हळूच लांब केला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, आता हिला हात नका लावू. इथं दुखत नाही." आम्ही पोचलो तेव्हा दुसरी पंगत उठत होती. नवरानवरी गाडीपाशी येऊन सासूबाईंच्या पाया पडली आणि त्यांनी दोघांना पोटभर बघून घेतलं. साडू एका बाजूला उभे राहून जिलबी खात होते, पण त्यांचं लक्ष जिलबीत नव्हतं.

पुढे सासूबाई सात वर्षं त्या सीटवरून फिरल्या. दर नवरात्रात धारला देवीला आल्या, भाच्याच्या मुलाच्या बारशाला राजगढला गेल्या. सीट लाल ठिपक्यावरून हलली नाही. मागच्या सीटवर मी गुडघे हनुवटीला टेकवून बसे आणि कुरकुर करी. "अटक गयी भिया, काय करणार," एवढंच साडू म्हणत. इतक्या हुन्नरी माणसाला चार तांदूळ निघत नाहीत, यावरून मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली.

सासूबाई गेल्या, साडू निवृत्त झाले, आणि व्हॅन सोनकच्छच्या एका किराणा दुकानदारानं घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी मी देवासलाच होतो. दुकानदार म्हणाला, "भिया, ये बीच वाली सीट तो सरकती नी." साडूंनी बायकोकडून केसांचा आकडा मागून घेतला, तो रुळात घालून दोनदा फिरवला, आणि सीट अलगद पुढे आली. दोन मिनिटांचंही काम नव्हतं.

"हे तुम्हाला येत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," साडू म्हणाले. "मामी नीट बसल्या होत्या. हलवायचं कशाला?"

मला माझ्या सात वर्षांच्या कुरकुरीची लाज वाटली. रुळातून निघालेले काळपट तांदूळ साडूंनी वेचून मुठीत घेतले. मग दुकानदाराला मधल्या सीटवर बसवलं आणि त्याच्या गुडघ्यापुढे चार बोटं घालून पाहिली. उजव्या मुठीत तांदूळ होते, म्हणून डाव्या हातानं.