बाईंच्या नावावरची थप्पड

मेश्राम बाई गेल्याचं मला गोंदियात, माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन रंजूचा होता. "ताई, बाई गेल्या... सकाळीच," एवढं बोलून तिनं ठेवला. मी हातातला खडूचा डबा भिंतीवर फेकून मारला. दुःख झालं तरी माझा हातच आधी उठतो, लहानपणापासूनची खोड आहे. आज लिहायचं आहे ते या हाताबद्दलच. कारण सौंदडकडच्या आमच्या गावात बाईंचं नाव निघालं की चार चांगले शब्द बोलून झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणायचं, "पन बाईनं एका पोरीचा कान फोडला होता." ते साफ खोटं होतं, आणि खोटं असल्याचं बाई, रंजू आणि मी, आम्हा तिघींनाच माहीत होतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमची शाळा सातवीपर्यंत. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की पाचवीतल्या पोरी धानाच्या बांधीत जायच्या आणि निम्म्या परत यायच्याच नाहीत. बाई घरोघरी जाऊन बोंबलून थकल्या. मग त्यांनी 'ताई मंडळ' काढलं. सातवीतल्या प्रत्येक मुलीला पाचवीतली एक मुलगी वाटून दिली. तिला घरून आणायचं, पाढे घ्यायचे, पाळीबद्दल सांगायचं, घरी कुणी मारतं का तेही विचारायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वऱ्हांड्यात सगळ्या जोड्या उभ्या राहायच्या. माझ्या वाट्याला रंजू आली. काडीसारखी पोर, नाक सतत वाहतं. मला तर गड जिंकल्यासारखं झालं. माझं ऐकणारं कुणीतरी आलं होतं!

आठवड्याभरात आम्ही काय केलं असेल? बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर बेशरमाची झुडपं माजलेली असतात, त्यांच्या हिरव्या काड्या तोडून आणल्या. प्रत्येक ताईच्या हातात एक. शिकवायचं म्हणजे मारायचं, याच्यापलीकडे आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. घरी तेच, शाळेत तेच. आणि खुद्द मेश्राम बाईंचा हात असा भारी, की त्यांनी दिलेली छडी रात्री जेवतानाही आठवायची. शनिवारी बाई वऱ्हांड्यात आल्या, काड्यांची ती रांग पाहिली आणि खो खो हसत सुटल्या. मग एकदम हसू थांबलं. त्यांनी टेबलामागची स्वतःची छडी आणली, गुडघ्यावर मोडली आणि खिचडीच्या चुलीत घातली. "टाका, तुमच्याही टाका. आजपासून जी मारेल, ती माझ्या मंडळात नाही." ओल्या काड्या, नुसता धूर. आम्ही सगळ्या डोळे चोळत उभ्या होतो.

काडी गेली, पण माझा हात होताच की. पुढच्या महिन्यात रंजू तीन दिवस आली नाही. मी घरी गेले, तर तिच्या बापानं बैल हाकायच्या तुतारीनं तिची पाठ सोलून ठेवलेली. तरी ओढत आणली मी तिला. शनिवारी सतराचा पाढा म्हणायला उभी केली, आणि ती सतरा चोक अडुसष्टपाशी अडकली ती अडकलीच. पोरी फिदीफिदी हसल्या. माझ्यावर हसल्या! खोलीच्या मागे नेऊन मी तिच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की ती भिंतीवर आदळली. ती रडली नाही. कानातून रक्ताची बारीक धार आली आणि ती माझ्याकडे बघत राहिली... ते बघणं मेल्यावरच सुटेल माझं.

बाई धावत आल्या. "कोण?" आम्ही दोघीही गप्प. बाईंनी माझा उजवा तळवा उलटा करून पाहिला, लालभडक झालेला. तासाभरात रंजूचा बाप चार माणसं घेऊन फाटकात. "कोनं मारलं माया पोरीले?" बाई पायरी उतरल्या. "मी मारलं." त्यानं हातातली काठी उचलली. "तुमी कायले मारता वो?" बाई जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या एका मारानं तुम्ही पेटून उठलात. तिची पाठ कोणी सोलली, ते सांगा आधी." काठी बाईंच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी दाराआड उभी राहून ऐकला. एक शब्द बोलले असते तर ती काठी थांबली असती. नाही बोलले. रंजूचा कान परत आला नाही, बाईंचा हात वाकडाच जुळला, आणि वर चौकशी लागून त्यांची बदली झाली चिचगडला, जंगलात. मंडळ मात्र बंद पडलं नाही. ताईनं मारलं असं कळलं असतं तर त्याच दिवशी पडलं असतं.

डीएड करताना मी चिचगडला गेले. तिथंही बाईंच्या जोड्या सुरूच होत्या. मी पायांवर पडले, म्हटलं, गावात जाऊन सगळ्यांना सांगते. त्या खेकसल्या, "माझ्यावर उपकार करायला आलीस का? तीन वर्षं मीच तुला बडवलं, तेच तू तिला दिलंस. माझं राहू दे. जिला सांगायचं, तिला सांग." मी मान हलवली आणि घरी आले. आता माझ्या शाळेतही ताई मंडळ आहे, लोक कौतुक करतात, मी हार घालून घेते. रंजूसमोर जाऊन मात्र 'चुकलं माझं' म्हटलं नाही. लाज वाटायची, दुसरं काय!

पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी बाईंच्या घरी सतरंजीवर माणसं दाटून बसली होती. रंजू भिंतीशी. तिच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी. ती भेटायला आली की तिथं बाई बसायच्या, चांगल्या कानाच्या बाजूला. बाकी कुणी तिथं बसत नव्हतं. तेवढ्यात पुढं बसलेला आमच्या गावचा एक म्हातारा बोललाच, "बाई देवमानूस, पन त्या पोरीचा कान..." मी उठले आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. "रंजू, तुझा कान मी..." रंजूनं मान वळवली.

"आता इतक्या वर्षानं मले सांगून राहिली का ताई? मार खाल्लेल्याले मालूम नसते का, कोनं मारलं ते?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मंडळ बंद झालं असतं त मी बापाच्या हातानं मेली असती, म्हनून तवा बोलली नाही. बाई दर भेटीत इचारे, तुयी ताई आली होती का तुयाकडं? मी म्हनो, नाही आली... मागच्या दिवारीलेही इचारलं."

मी तोंड झाकून घेतलं. तिनं माझा उजवा हात ओढून खाली केला आणि धरून ठेवला.

"मले झालं सांगून. आता उभी होय, अन् त्या बुढ्याले सांग. जोरानं सांग."

मी उभी राहिले.