करालला कुणी घाबरेना

कराल हा मी पाहिलेला सर्वांत दुष्ट मृत्युदेव, आणि त्याला चहात साय आलेली चालत नसे. सहा हात, गळ्यात कवट्यांची माळ, हाडांचं सिंहासन आणि प्रत्येक श्वासातून बाहेर पडणारं गारठलेलं धुकं, असं त्याचं वर्णन होतं. हे वर्णन तो स्वतःच करायचा, डोळे मोठे करून आणि आवाज थेट पोटातून काढून. "थरथरा कापा, मर्त्यांनो! तुमच्या शेवटच्या श्वासाचा धनी आला आहे! अंधाराचा अधिपती, स्मशानांचा सम्राट..." एवढ्यात चहा यायचा. सम्राट एक घोट घ्यायचा आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचा, "अगं, साय आली यात." मग काकू गाळणं घेऊन यायच्या, अंधाराचा अधिपती कप पुढे धरायचा, आणि आम्ही तिघे मर्त्य कापायचं थांबवून चहा गाळून होण्याची वाट बघायचो.

करालचं खरं नाव अण्णा. म्हणजे खरं नाव आणखी काही होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर असायचं. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. काशीत आता मराठी घरं थोडीच उरली आहेत, पण जी आहेत त्या सगळ्यांचे दहाव्या-बाराव्याचे गुरुजी अण्णाच. कुणाच्या घरी माणूस गेलं की नातेवाइकांच्याही आधी फोन अण्णांना. जन्मभर मृत्यूच्याच उंबरठ्यावर पाट मांडून बसलेला हा माणूस, पण मुंगी दिसली तर पाय अधांतरी धरून ती पलीकडे जाईपर्यंत थांबायचा.

आता एवढा सज्जन गुरुजी मृत्युदेव कसा झाला, तर त्याला कारण त्यांचा मुलगा शिरीष. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि माळ्यावर एक खोका सोडून गेला. खोक्यात एका खेळाची जाडजूड पुस्तकं आणि रंगीबेरंगी फासे. या खेळात एकजण गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर, चेटकिणी, चोर वगैरे होतात, आणि संकटात कुणाचं काय होणार ते फासा ठरवतो. करोना ओसरला त्या वर्षी मी, माझा चुलतभाऊ मुकुंद आणि पंचगंगा घाटावर नाव चालवणारा त्याचा दोस्त गुड्डू, असे तिघे तो खोका मागायला गेलो. मी शाळेत शिकवत होते, मुकुंद रेल्वेत लागला होता; म्हणजे वयाने आम्ही कुणीच लहान नव्हतो, पण रविवार दुपारचं करायचं काय हा प्रश्न होताच. अण्णांनी खोका दिला नाही. म्हणाले, "आधी बघू तर दे, विधी काय आहे ते."

आठवड्याने त्यांनी आम्हाला बोलावलं. सगळी पुस्तकं वाचून त्यांत दर्भाच्या काड्या खुणेला घातलेल्या. "विधी एकदम आसान आहे," ते म्हणाले, "फक्त मंत्र नाहीत. ते मी बघतो." आणि खरोखरच त्यांनी ते बघितलं. आमचा खेळ सुरू व्हायचा तो आचमनाने. मग संकल्प. "अग्निसर्पस्य दक्षिणे तीरे, वामनानां देशे" असा त्या काल्पनिक जगाचा पत्ता ते खणखणीत आवाजात सांगायचे, तेव्हा गुड्डू भक्तिभावाने हात जोडायचा. वीस तोंडांचा फासा टाकायचा तो ताम्हणात. डाव्या हाताने टाकला तर बाद. काकूंचं म्हणणं होतं की देवाचं ताम्हण त्या राक्षसांना का, पण फासा पडल्यावर जो काही नाद व्हायचा तो ऐकायला त्यासुद्धा हातातलं काम टाकून दारात यायच्या.

पुस्तकात एका पानावर त्या दुष्ट मृत्युदेवाचं चित्र होतं. अण्णांनी ते चष्मा पुसून पुसून पाहिलं. "गोष्ट मी सांगणार, आणि याचं कामही मीच करणार," ते म्हणाले. "आपल्या गावात मृत्यूला कुणी विचारत नाही रे. लोक तिकीट काढून मरायला येतात. मणिकर्णिकेवर शेजारी चिता जळत असते आणि आपले लोक चहात बिस्कुट बुडवत बसतात. कुणीतरी एकदा नीट घाबरायला पाहिजे."

तेव्हा आम्हाला ही गंमत वाटली. पण ती त्यांची खरीखुरी हौस होती. दर रविवारी खेळ संपला की ते आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला यायचे आणि पंगतीत यजमानाने जेवण आवडलं का विचारावं तसं हळूच विचारायचे, "भीती वाटली का?" आम्ही म्हणायचो, "थोडीशी." ही थोडीशी शिष्टाचाराची आहे हे त्यांना कळायचं. "ठीक आहे," ते म्हणायचे, "अगल्या वेळी बघू." आणि खट्टू होऊन वर जायचे.

घाबरणार तरी कसं? कराल कुणाला मारतच नसे. चार वर्षांत त्याने एकही बळी घेतला नाही. याला कारण अण्णांचा पेशा. दहाव्या दिवशी पिंड ठेवतात, त्याला कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं आपल्याकडे मानतात. मग घरचे एकेक आश्वासन देत बसतात. फारच वेळ गेला तर दर्भाचा कावळा करून लावतात आणि मोकळे होतात. अण्णांनी पस्तीस वर्षांत दर्भाचा कावळा एकदाही केला नव्हता, आणि एवढ्या एकाच गोष्टीचा त्यांना गर्व होता. "दर्भाचा कावळा म्हणजे आपण ऐकून घेतलं नाही याची कबुली," असं ते म्हणायचे. एका पंडितांच्या दहाव्याला मुलांनी ग्रंथ छापण्याचं वचन दिलं, वडिलांच्या नावाने पाठशाळा काढण्याचं दिलं, कावळा ढिम्म. अण्णांनी दोन तास सगळ्यांना उन्हात बसवलं. शेवटी धाकटी सून रडत म्हणाली, डॉक्टरांनी मना केलं म्हणून मी त्यांना कचौडी दिली नव्हती. कचौडी आली आणि कावळा लगेच खाली. "इच्छा मोठी नसते कुणाची," अण्णा सांगायचे, "विचारावं मात्र लागतं."

तर असा हा कराल. गुड्डूचा शूर योद्धा भीमसिंग पहिल्याच उन्हाळ्यात आगीच्या दरीत पडला. फासा पडला एकचा, म्हणजे वाचायची काही सोय नाही. कराल सहाही हात पसरून पुढे आला, गडगडाटी हसला आणि मग अण्णांच्या आवाजात म्हणाला, "काही इच्छा राहिली का रे?"

गुड्डूने क्षणभर विचार केला. "अण्णा, मलइयो खाए के रह गयल हौ."

मलइयो म्हणजे केशर घातलेला दुधाचा फेस. तो रात्रभर दवात ठेवून करतात, म्हणून ऐन थंडीतच मिळतो आणि सकाळी दहाच्या आत संपतो. तेव्हा वैशाख चालू होता. कराल कामाला लागला. त्याने पुस्तक उघडलं, पंचांग उघडलं, आणि निवाडा दिला की भीमसिंगचा मृत्यू मलइयो खाईपर्यंत स्थगित. भीमसिंग त्या दरीतून कपडे झटकत वर आला. मुकुंदने भिंतीवर डोकं आपटलं.

पण खरी मजा पुढेच. गुड्डू बिलंदर. त्याने मलइयो खाणंच सोडलं. थंडी आली की चौकाचौकात पिवळ्या फेसाच्या पराती लागायच्या, याच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण भीमसिंगसाठी हा मान फिरवून निघून जायचा. अण्णाही कमी नव्हते. भल्या सकाळी मलइयोचा मातीचा कुल्हड घेऊन ते घाटावर त्याच्या नावेपाशी हजर. "खा रे, प्रत्यक्ष कालपुरुषाचा आग्रह आहे." गुड्डू डोळे मिटून वल्ही मारायचा. तीन हिवाळे हे चाललं. तिन्ही वेळा तो कुल्हड अण्णांनीच घाटावर उभ्या उभ्या संपवला, आणि त्यांना साखर मना होती म्हणून काकूंना सांगू नका असं मृत्युदेवाने आम्हाला विनवलं.

एकदा मात्र त्यांनी आम्हाला घाबरवायचं अगदी मनावर घेतलं. खिडक्या लावल्या, काकूंची काळी शाल डोक्यावरून घेतली आणि खोलीत इतका धूप केला की गुड्डू खोकून बेजार झाला. मुकुंदने हवेसाठी खिडकी उघडली, तर त्या खिडकीतून एक थोराड माकड आत आलं. ते सरळ करालच्या पाटावर, म्हणजे हाडांच्या सिंहासनावर, जाऊन बसलं आणि ताम्हणातला फासा उचलून चावून बघू लागलं. स्मशानांचा सम्राट पलंगावर चढून उभा. "मृणाल, हाकल ना त्याला! मृणाल, तुला हात जोडतो!" मी झाडू दाखवला, माकडाने फासा टाकला आणि ते गेलं. फासा पडला होता वीसचा. त्या दिवशी अण्णांनी जिन्यात काही विचारलं नाही. मीच हसत म्हटलं, "अण्णा, आज खरं घाबरलं कोण?"

ते हसले नाहीत. पायरीवर टेकले. "पोरी, घाबरणं वाईट नाही," ते म्हणाले. "घाबरतो तो कुणालातरी सोडून जायला तयार नसतो, नाही तर कुणाला जाऊ द्यायला तयार नसतो. मी इतकी कार्यं केली, लोक वेळेत आटपा म्हणतात. जो घाबरलेला दिसतो ना, त्याच्याजवळ मी जरा जास्त बसतो." मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पण माकडाचं कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं. त्यांच्या हयातीत सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि अजून सांगते.

गेल्या कार्तिकात एका गुरुवारी अण्णा गंगेवर स्नान करून आले, जेवले, जरा पडतो म्हणाले, आणि उठले नाहीत. रविवारचा खेळ ठरलेला होता. मुकुंदचा फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गुणाकार लिहीत होते. खडू हातातच राहिला. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. दुःख नंतर आलं. आधी वाटली भीती. या गावात जन्म काढून मी इतक्या तिरड्या बघितल्या होत्या, पण तसं कधी झालं नव्हतं.

दहाव्याला आम्ही घाटावर होतो. कार्य नारायणगुरुजींकडे होतं. अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला हा तरणा माणूस, आणि आज अण्णांसमोर परीक्षा द्यायला बसवल्यासारखा घामाघूम. पिंड ठेवला. गुड्डू माकडांसाठी काठी घेऊन उभा. समोर पंड्याच्या छत्रीवर एकच कावळा बसलेला, तो काही हलेना.

शिरीष ओल्या धोतरात हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी बंगळूरला नेईन." कावळ्याने पाठ फिरवली. पायरीवरून काकू म्हणाल्या, "मी कुठे येतेय?" शिरीष म्हणाला, पोथ्या जपीन. म्हणाला, दर वर्षी कार्तिकात येईन. तास झाला. ऊन चढलं. मागे दुसऱ्या घरची माणसं खोळंबली होती आणि घड्याळं बघत होती. नारायणगुरुजींनी डोळे पुसले आणि दर्भ हातात घेतला. "माझा इलाज नाही," ते म्हणाले, आणि त्याला कावळ्याचा आकार द्यायला लागले.

अण्णांना दर्भाचा कावळा! मी, मुकुंद आणि गुड्डू एकमेकांकडे बघत राहिलो. गुड्डू म्हणाला, "दीदी, तू बोल दे ना."

मी पुढे झाले. गुरुजी थांबले, शिरीष बघायला लागला. एवढ्या लोकांत हे बोलायचं कसं, मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. "अण्णा," मी म्हटलं, "भीती वाटली."

कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. अण्णा जिन्यात पाहायचे अगदी तसं. शिष्टाचाराचं बोलते आहे की खरं, ते जोखत.

तेवढ्यात माझ्या मागून गुड्डूचा फुटलेला आवाज आला. "थोड़ा नाहीं, अण्णा. बहुत."

छत्रीवरून कावळा उतरला. नारायणगुरुजींच्या हातातला दर्भ खाली पडला. शिरीषने मला नंतर दोनदा विचारलं, तुम्ही नक्की काय म्हणालात बाबांना? मी सांगितलं, तुझ्या खोक्यातलं आहे.

महिन्याभराने थंडी पडली. एका सकाळी गुड्डू आम्हा दोघांना चौकात घेऊन गेला आणि त्याने स्वतःहून मलइयोचा कुल्हड घेतला. मुकुंद म्हणाला, "अरे, भीमसिंग मरेल!" गुड्डूने ऐकलं नाही. तीन हिवाळ्यांचा उपास त्याने बोटं चाटूनपुसून सोडला, कुल्हड फोडला, आणि अण्णांच्या गल्लीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. शाळेला उशीर होतोय असं मला म्हणवेना.

"कायदे से," तो म्हणाला, "अब अण्णा को आना चाहिए."