अकरा वाजता याडीच बोलणार

माझ्यावर कुणाचा विश्वासच बसला नाही! साहित्य संमेलनाची कार्यक्रमप्रमुख मी, हे घरातसुद्धा कुणाला खरं वाटेना. नवरा म्हणाला, "सतरंज्या झटकायला घेतलं आसंल तुला." तेव्हापासून किस्से साचतच गेले. तुरीच्या फुटक्या पोत्यासारखं आहे ते. एक काढायला जावं तर पसाभर सांडतात.

चौथी शिकलेली बाई प्रमुख कशी झाली, तेही सांगते. जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव. वाचनालयाचे अध्यक्ष माणिकराव सर, रिटायर हेडमास्तर. दर संमेलनात ते बायकांचा प्रोग्राम चार वाजता ठेवायचे. तांड्याकडची शेवटची जीप चारलाच सुटते. म्हणजे बोलायची पाळी आली की बाया जीपमध्ये!

मीटिंगमध्ये मी भांडले. सर चिडून म्हणाले, "मग तुमीच ठरवा की सगळा प्रोग्राम!"

"ठरवते. लिहून द्या."

आणि लिहून घेतलं. पहिलीच ओळ टाकली: अकरा वाजता, मेन स्टेज, याडी. याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या त्या म्हातारीला सगळा गाव याडीच म्हणतो. तिच्या आज्याच्या बैलांच्या, मिठाच्या गोण्यांच्या गोष्टी सुरू झाल्या की रडतं लेकरू रडायचं विसरतं.

* * *

सर म्हणाले, "तिनं एक ओळ लिहिलेली न्हाई. ते साहित्य कसं?"

मी म्हणलं, "सर, तिचं न लिहिता तीन पिढ्यांना पाठ आहे. तुमचं छापलेलं पुस्तक कपाटात वाळवी वाचून राहिली!"

सरांनी चष्मा पुसला. अकरा वाजता कायम.

* * *

शहरातल्या एका पाहुण्या लेखकाला फोन लावला.

"कार्यक्रमप्रमुखांना द्या."

"बोलते की."

"तसं नाही. जे ठरवतात त्यांना द्या."

"मीच ठरवते."

"बरं, मग घरात कुणी पुरुषमाणूस असेल तर द्या."

दिला नवऱ्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "थांबा, इचारून सांगतो," म्हणाला आणि फोन परत माझ्याच हातात!

* * *

कवींना नियम केला, एकाला एकच कविता. एक कवी घरी येऊन बसले. "याडीच्या टायमातली पंधरा मिनिटं मला द्या. आधी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय माझी कविता कळत न्हाई."

"मग पार्श्वभूमीच सांगा. कविता राहू द्या!"

* * *

आमच्याकडं आधी सत्कार, मग साहित्य. शाल मिळाली की माणूस ती काखेत मारून घरी! सरांच्या लिस्टमध्ये मंडपवाल्याचा साडूसुद्धा. सत्कारच एकपर्यंत चालले असते, याडी परत चारला.

सगळ्या शाली मी पेटीत घातल्या, कुलूप लावलं. "सत्कार संध्याकाळी, सगळ्यात शेवटी." शिव्या खाल्ल्या. पण त्या वर्षी पहिल्यांदा पुढच्या खुर्च्या शेवटपर्यंत भरलेल्या. साडू तर तिन्ही परिसंवाद ऐकून गेला!

* * *

आता त्याच दिवशीची सकाळ. दहाला एक मोठे पुढारी समई लावून उद्घाटन करणार होते. पावणेअकरा झाले, त्यांची गाडी अजून लांब, सिद्धेश्वर धरणापाशीच.

सर म्हणाले, "समई लागल्याशिवाय कुणी बोलायचं न्हाई. रीत आहे. याडीचं चारला घेऊ."

"चारला न्हाई." अकराच्या ठोक्याला मी याडीला माईकपुढं उभं केलं.

तिनं समईकडं बघितलं. "तेल हाय, वात हाय. लावून का न्हाई राहिले?"

"पुढारी यायचेत, याडी."

"त्याईच्या घरची हाय का?"

कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढली, पाची वाती लावल्या, हात जोडले आणि गोष्ट सुरू!

साडेबाराला पुढारी आले. बघतात तर समई जळून राहिली! "माझ्या आधी उद्घाटन कुणी केलं? चूक कुणाची, मला लेखी पाहिजे!"

स्टेजवरच सर कागद घेऊन बसले. मी म्हणलं, "माझं नाव टाका. प्रमुख मी आहे." सरांनी पेन टेकवलं, तोच याडीनं त्यांचं मनगट धरलं.

"काडी मी वढली. नाव हिचं काहून? ओ मास्तर, माझं लिव्हा. पुरं लिव्हा!"

इतक्या वर्षांत सरांनी पहिल्यांदा तिला नाव विचारलं. लिहिलं. आणि हेडमास्तरकीच्या सवयीनं माईकवर खणखणीत वाचलं:

"उद्घाटक, जमलाबाई किसन राठोड."