सहा महिने अकरा दिवस

माझे यजमान पद्माकर दाभाडकर यांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. फायलींवर शेरे लिहिले, आणि ते शेरे कसे बरोबर होते ते मला ऐकवलं. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे अर्ज तपासणाऱ्या शाखेत त्यांची सव्वीस वर्षं गेली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये पहिला घास तोंडात जायच्या आत आज किती खोटे दावे पकडले ते सुरू व्हायचं. मी मिरजेची, नवी नवरी. मला वाटे, या देशात स्वातंत्र्यसैनिकांपेक्षा त्यांचे तोतयेच जास्त असावेत. माणूस लबाड नव्हता, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. पण आपलंही चुकू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही मयूर विहारला आलो. मागच्या वर्षी एका दुपारी शेजारच्या सोसायटीतल्या इंदुमती शिंगटे आमच्याकडे आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, दिल्लीतच वाढलेल्या. हळदीकुंकवापुरती आमची ओळख. हातात कागदांची पिशवी होती.

“अहिल्याताई, थोडी मदत हवी होती. वकिलांना या तिथ्यांच्या तारखा पाहिजेत, आणि मला त्यातलं बिल्कुल काही कळत नाही.”

त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. ते वारल्यावर आई भानुमतीबाईंनी पेन्शनसाठी अर्ज केला. तुरुंगातली जुनी रजिस्टरं नष्ट झालेली, म्हणून वडिलांबरोबर कोठडीत असलेल्या तात्यारावांनी दाखला लिहून परस्पर सरकारकडे धाडला. नियमाप्रमाणे निदान सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा. उत्तर आलं, पाच महिने दहा दिवस भरतात, दावा अमान्य. तोवर तात्यारावही गेले होते. भानुमतीबाई कोर्टात गेल्या, तारखांमागून तारखा पडल्या, आणि सहा वर्षांपूर्वी त्याही गेल्या. खटला मुलीनं पुढे चालवला. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत वडिलांचं नाव लागावं, एवढंच तिचं मागणं. माहितीच्या अधिकारात फाईलची नक्कल नुकतीच हाती आली होती.

मी दाखला वाचला. ‘भाद्रपद शुद्ध पंचमीस अटक, फाल्गुन वद्य पंचमीस सुटका.’

“म्हणजे ऋषिपंचमीला पकडलं आणि रंगपंचमीला सोडलं,” मी म्हटलं. “सहा महिन्यांच्या वरच होतात की! पाच कुठून आणले?”

“होळीच्या आधी सुटले ना?” पेपरमागून हे बोलले. “होळीनंतर तर चैत्र लागतो.”

“तुमच्या दिल्लीत लागतो, तिकडे महिन्याचा वद्य पक्ष आधी येतो. आमच्याकडे होळीनंतर पंधरा दिवस फाल्गुनच असतो, गुढीपाडव्यापर्यंत.”

पेपर खाली आला. ह्यांचा जन्म करोल बागेतला. सण घरी मी करायची, हे फक्त जेवायला बसायचे. त्यांनी हात पुढे करून नक्कल घेतली. दाखल्याच्या मागच्या पानावर हिंदी पंचांगावरून काढलेल्या तारखा होत्या, त्याखाली शेरा आणि सही. ती सही चाळीस वर्षं मी दुधाच्या कार्डापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे पाहत आले आहे. कागद मराठीत म्हणून ती फाईल मुद्दाम ह्यांच्याकडे दिलेली. मराठी माणूस तो, त्याला कळेल!

मला वाटलं, आता हे मूग गिळून बसणार. खरं सांगते, बसले असते तर मीही बसले असते.

“इंदुमतीबाई, ही सही माझी आहे,” हे म्हणाले. “चूक माझी आहे. मी कोर्टात तसं लिहून देतो.”

इंदुमतीबाईंनी कागद पिशवीत भरले. “द्या,” त्या म्हणाल्या. मी केलेला चहा तसाच राहिला.

वकील म्हणाले, अंकल, पंचांगाचा फरक दाखवला की काम होईल, आपका नाम ज़रूरी नहीं. ह्यांनी ऐकलं नाही. सुनावणीला मीही गेले. जजसाहेबांनी विचारलं, “ये हिसाब किसने किया था?” आमचे हे उभे राहिले. “जी, मैंने. ग़लत किया था.” घरात हे वाक्य मी कुठल्याच भाषेत कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला, तेवढाच रागही आला. इतकी वर्षं कुठे होतं हे?

महिन्याभराने निकाल लागला. तुरुंगवास सहा महिने अकरा दिवस, दावा मान्य. कोर्टाच्या व्हरांड्यात ह्यांनी इंदुमतीबाईंपुढे हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याआधी त्याच बोलल्या.

“बाबा नेहमी सांगायचे, सहा महिन्यांवर आत होतो. तुमचं पत्र आलं आणि आईला वाटलं, बाबा वाढवून सांगत होते. सरकार कशाला खोटं लिहील? केस चालवली, पण मनातून डळमळली ती. जायच्या आधी मला म्हणाली, तुझे बाबा थापा मारायचे गं, पण माणूस चांगला होता.” त्यांनी पिशवी बाकावर ठेवली. “मी तिला नाही म्हटलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.”

आणि त्या तिथेच बाकावर बसून रडू लागल्या. आमचे हे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.