चार माणसं, सडक, घाट न्हाय

गणपती मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी नेली की ते लगेच बॉनेट उघडत नसत. आधी हात पुसायचे, खडू घ्यायचे आणि विचारायचे, "माणसं किती बसणार? रस्ता कसला? घाट हाय का न्हाय?" मिळेल ते उत्तर भिंतीवरच्या काळ्या फळीवर गाडीच्या नंबराखाली लिहायचे. गाडी ताब्यात दिल्यावरही ती ओळ महिनाभर पुसायची नाही, हा त्यांचा नियम. गाडी तक्रार घेऊन परत आली तर आधी फळी वाचायची, मग पाना उचलायचा.

एकदा इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यानं नवं इंजिन घातलेल्या गाडीवर सुताची पोती लादली आणि ती ओढत नाही म्हणून भांडायला आला. गणपतीमामांनी सगळ्यांसमोर त्याची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "पाच माणसं. आता ह्या पोत्यांत माणसं हाईत का सांगा पावणं." तो मागवालाही हसत हसत गाडी परत लावून गेला. ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतोय, कारण माझी ओळ मामांनी कधीच वाचून दाखवली नाही.

मामा एसटीच्या वर्कशॉपात अठरा वर्षं होते. मग नोकरी सोडून त्यांनी उद्यमनगराच्या मागं स्वतःची शेड टाकली. पंच्याण्णव-शहाण्णव सालात पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवायची आमच्याकडं साथच आली होती. बाकीचे मिस्त्री इंजिन बसवून, धूर काढून दाखवून मोकळे व्हायचे. मामा मात्र गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शियल कुठला घालायचा यावर दोन-दोन दिवस घालवायचे. "इंजिन कुनीबी बसिवतंय," म्हणायचे, "त्याची ताकद चाकापतुर न्यायची कशी, त्येवढंच काम असतंय."

मी वृषभ मगदूम. शाहूपुरीत गुळाची अडत असलेल्या वर्धमान मगदुमांचा एकुलता एक आणि बी.कॉम.ला तीनदा आपटलेला मुलगा. अप्पांची जुनी अँबॅसिडर पेट्रोल पिते म्हणून दारात उभी होती. तिच्यात डिझेल इंजिन घालू, मी निपाणी-बेळगावची वसुली बघतो, असं मी त्यांना पटवलं. माझ्या मनात वेगळंच होतं. मला वडाप करायचं होतं, म्हणजे एसटीच्या रस्त्यावर एसटीच्या आधी माणसं कोंबून न्यायची. गगनबावड्याच्या रस्त्यावर तेव्हा वडापवाले जोरात होते. पण मगदुमांचा मुलगा नाक्यावर उभा राहून "बावडा, बावडा" ओरडतोय, हे सांगायची मला लाज वाटत होती. ते करायची वाटत नव्हती, हे आज नीट कळतं.

अपघातात चेमटलेल्या एका जीपचं डिझेल इंजिन मिळालं. मामांनी जमिनीवर दोन डिफरन्शियल मांडले. एकेकाचा दांडा हातानं फिरवून, आतलं मोठं चक्र एक फेरा पुरा करेपर्यंत किती वेळा फिरवावा लागतो, ते त्यांनी मला मोजायला लावलं. एकाला चार फेऱ्यांहून थोडे जास्त लागले, दुसऱ्याला पाचाला थोडे कमी.

"चाराचा त्यो पळणारा, पाचाचा त्यो ओढणारा," मामा म्हणाले. "दोन्ही एका गाडीत मिळत न्हाईत. गिअरबॉक्सचंबी तसंच. जीपचा घातला तर पहिला गिअर घाटाला दमदार, पण गिअरचा दांडा खालनं येणार. तुझा जुना ठेवला तर दांडा हाय तसा स्टेअरिंगजवळ ऱ्हाईल, पण पहिल्या गिअरला त्येवढा जोर न्हाय. मधली प्लेट लेथवर करून घ्यावी लागंल. आता बोल. माणसं किती?"

"चार," मी म्हणालो.

"रस्ता?"

"सडक. बेळगाव, निपाणी. लांबात लांब बाहुबलीला दर्शनाला."

"घाट?"

"न्हाय की."

मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मग दांडा कुटला पायजे?"

"स्टेअरिंगजवळचाच. अप्पांना सवय आहे."

अप्पांनी चार वर्षांत गाडी चालवली नव्हती. दांडा खालून आला असता तर पुढच्या सीटवर एक माणूस कमी बसला असता, एवढाच माझा हिशोब होता. मामांनी फळीवर लिहिलं: चार माणसं, सडक, घाट न्हाय. आणि त्या उत्तराला शोभेल अशीच गाडी त्यांनी बांधून दिली. कागलच्या रस्त्यावर ती अशी पळाली की मला स्वतःचाच हेवा वाटला.

तीन आठवडे वडाप झकास चाललं. रस्ता बावड्यापर्यंत बराचसा सरळ, त्यामुळं दहा-बारा माणसांनाही गाडी कुरकुरत का होईना, न्यायची. मग एका बाजाराच्या दिवशी हाव सुटली आणि मी घाट उतरून खाली वैभववाडीला गेलो. येताना तेरा माणसं भरली. घाटाच्या पायथ्याला एका म्हातारीनं हात केला, तिलाही मागच्या दाराशी कशीबशी टेकवली.

तिसऱ्या वळणावर गाडीनं जीव सोडला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतंय आणि गाडी जागची हलत नाही. क्लच जळल्याचा वास आला. ब्रेक दाबला, पण एवढ्या वजनाला तो पुरला नाही. आम्ही मागं सरकत गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात मागचं चाक जाऊन धडकलो. दरीच्या बाजूला गेलो असतो तर हे लिहायला मी नसतो. बाकीच्यांना खरचटलं. त्या म्हातारीचा उजवा हात दाराबाहेर होता, तिचं मनगट मोडलं. मागून आलेल्या एसटीत सगळ्यांना बसवून दिलं आणि मी गाडीपाशी थांबलो. तिचं नावही मी विचारलं नाही.

घरी मी सांगितलं की एका गिऱ्हाइकाला भेटायला एकटाच वैभववाडीला गेलो होतो आणि मिस्त्रीनं डिफरन्शियल चुकीचा घातला. वाक्य अगदी सहज तोंडातून आलं.

दुसऱ्या दिवशी ओढून आणलेल्या गाडीमागोमाग अप्पा मला घेऊन शेडवर गेले. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. अप्पा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "एकटा पोरगा होता गाडीत, गणपती. एकटा. मेला असता. तुम्हा लोकांच्या हातात काम दिलं, तिथंच माझं चुकलं."

'तुम्हा लोकांच्या' म्हणजे कुठल्या जातीच्या, ते शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. मामांच्या मानेची शीर ताठ झाली. ते फळीजवळ उभे होते आणि माझी ओळ त्यांच्या खांद्याच्या वर स्वच्छ दिसत होती. त्यांनी ती वाचली नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. मी बुटाच्या टोकानं जमिनीवरचं ऑईल पसरवत होतो. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मग मामा वळले आणि त्यांनी तळहातानं ती ओळ पुसली.

"चुकलं माजं," म्हणाले. "गाडी ऱ्हाऊ द्या. बदलून देतो."

त्यांनी पाचाचा डिफरन्शियल आणि जीपचा गिअरबॉक्स घालून दिला, पैसे घेतले नाहीत. वडाप मी त्यानंतर केलं नाही. पण अप्पांचा शब्द बाजारात चालायचा. शाहूपुरीतल्या गाड्या त्या शेडवर जायच्या बंद झाल्या आणि वर्षभर मामा ट्रॅक्टरची कामं करत होते. मी रस्ता बदलून जायचो.

अप्पा गेल्यावर अडत माझ्याकडं आली. दोन हजार सातमध्ये गूळ वाहायला एक जुनी जीप घेतली आणि तिच्यात दुसरं इंजिन घालायचं ठरलं. उद्यमनगरात दहा शेडी होत्या, पण मी मामांच्याकडं गेलो. काम आता त्यांचा मुलगा प्रसेनजीत बघत होता. मामा खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर जाड चष्मा. फळी तिथंच होती.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मामा, त्या अँबॅसिडरमध्ये मी एकटा नव्हतो. वडाप करत होतो. तेरा माणसं होती."

"चौदा," मामा म्हणाले.

मला कळेना. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "घाटाखाली एक म्हातारी घेतलीस न्हवं? बायडाबाई. माजी थोरली भन. लेकीकडनं येत हुती. हात गळ्यात बांधून सांजच्याला माज्याच दारात आलती."

"म्हणजे अप्पा बोलत होते तेव्हा तुम्हाला…"

"ठावं हुतं की."

"मग बोलला का नाही?"

"मी कशाला बोलू? तुज्या बापाला माजं खरं वाटलं असतं व्हय?" मामा म्हणाले. "तू सांगशील म्हणून थांबलो हुतो."

शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो बंद झाला. मग विचारलं, "बायडाबाई कशा आहेत?"

"गेली चार वर्सामागं. हात वाकडाच ऱ्हायला. डाव्या हातानं भाकरी थापायची."

प्रसेनजीत खडू घेऊन फळीपाशी आला. त्यानं जीपचा नंबर लिहिला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "माल किती भरणार?"

मी खरा आकडा सांगितला. मामांनी मान वर केली आणि मुलाला म्हणाले, "त्येच्या वर थोडा जास्तच धर."